जातो म्हणणारा माणूस

बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठी हंगेरीचं संसदभवन आहे, ६९१ खोल्यांचं. सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात खिडक्यांपाशी सिगार ठेवायच्या पितळी पट्ट्या बसवलेल्या आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक खाचेला नंबर आहे. जुने सभासद बाहेर धूर काढत बसायचे. आतून बोलावणं आलं की पेटता सिगार आपल्या नंबरच्या खाचेत ठेवायचे, आत जाऊन मत द्यायचे आणि परत येऊन उरलेला पुरा करायचे. ही सोय एका विशिष्ट माणसासाठीच केली असावी, असं मला नेहमी वाटतं. तो म्हणजे आघाडी सरकारातला धाकटा भागीदार. पाय बाहेर, जीव आत, आणि सिगार विझू नये ही काळजी दोन्हीकडे.

आपण त्यांना धाकटेराव म्हणू. १९९० मध्ये हंगेरीत एकपक्षीय राजवट जाऊन मोकळ्या निवडणुका आल्या. तेव्हापासून २०१० पर्यंतच्या वीस वर्षांत धाकटेरावांनी पक्ष बदलले, विचारसरणी बदलली, मिशा ठेवल्या आणि काढल्या. माणूस मात्र तोच. कधी ते शेतकऱ्यांचे कैवारी असतात, कधी तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. चालण्यावरून ओळखू येतात. मंत्रिमंडळाच्या बैठकीला जाताना सावकाश, बाहेर येताना झपाझप, कारण बाहेर कॅमेरे उभे असतात. आत ज्या निर्णयाला मान डोलावली, त्याच निर्णयाबद्दल बाहेर ‘गंभीर चिंता’ व्यक्त करायची असते. मधल्या जिन्यावर जेवढा वेळ जातो तेवढा त्यांना मतपरिवर्तनाला पुरतो.

त्यांची ठेवणीतली वाक्यं चारच. ‘करारात असं ठरलं नव्हतं.’ ‘आम्ही सरकारात आहोत, पण या निर्णयात नाही.’ ‘आमच्या संयमाचा अंत पाहू नका.’ आणि चौथं, सगळ्यांत लाडकं: ‘मग आम्हाला वेगळा विचार करावा लागेल.’ हा वेगळा विचार गुरुवारी सुरू होतो, शनिवारी पक्षाच्या कार्यकारिणीत रंगतो आणि सोमवारी मंत्री नेहमीच्या गाडीतून नेहमीच्या वेळी कचेरीत पोचतात. आपल्याकडच्या लग्नात एक मामा असतो बघा, मानपानात काहीतरी राहिलं म्हणून पिशवी उचलून मांडवाच्या दारापर्यंत जाणारा. जाताना दहादा मागे वळून बघतो आणि कुणी थांबवायला आलं नाही की स्वतःच चप्पल शोधत बसतो. त्या मामाला कृषी नाहीतर आरोग्य खातं दिलं की धाकटेराव तयार झाले.

त्यांचा पहिला रुसवा सरकार बसायच्या आधीचाच. १९९० च्या निवडणुकीत ३८६ पैकी १६४ जागा जिंकून योझेफ आंटाल यांचा डेमोक्रॅटिक फोरम पुढे आला. आंटाल पेशाने इतिहासाचे माणूस, वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचं संग्रहालय सांभाळलेले. घोळ कसे होतात ते त्यांनी कागदोपत्री वाचलेलं होतं. त्यांनी स्मॉलहोल्डर म्हणजे छोट्या शेतकऱ्यांचा पक्ष आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांना जोडीला घेतलं. पण राज्यकारभाराचे नियम ठरवायची वेळ आली तेव्हा गुपचूप बोलणी केली ती विरोधातल्या फ्री डेमोक्रॅट पक्षाशी. एप्रिलअखेर करार झाला. फ्री डेमोक्रॅटांचे आर्पाद गोन्त्स राष्ट्राध्यक्ष होणार. गोन्त्स १९५६ च्या उठावानंतर जन्मठेप झालेले आणि पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हंगेरियनमध्ये नेलेले भाषांतरकार. बदल्यात आंटालना हवं ते मिळालं: बऱ्याचशा कायद्यांना लागणारी दोन तृतीयांशाची अट निघाली आणि अविश्वासाच्या ठरावात नव्या पंतप्रधानाचं नाव असल्याशिवाय जुन्याला हलवता येणार नाही, असा नियम आला. आघाडीतल्या जोडीदारांना हे सगळं मागाहून समजलं. ‘आम्हाला विचारलंसुद्धा नाही’ ही धाकटेरावांची पुढची वीस वर्षं टिकलेली तक्रार तिथली आहे, आणि खरं सांगायचं तर रास्त आहे.

तो अविश्वासाचा नियम मात्र नीट ध्यानात ठेवा. धाकटेरावांची सगळी शोकांतिका, किंवा विनोद, त्यात आहे. इटलीत धाकट्याने पाठिंबा काढला की सरकार कोसळतं. हंगेरीत धाकटा गेला तरी पंतप्रधान खुर्चीवर राहतो, कारण त्याच्याऐवजी कोण, याचं उत्तर बहुमताने द्यावं लागतं. म्हणजे ‘जातो’ म्हणायला धाकटेराव मोकळे, पण जाण्याने काही होत नाही. आणि हा नियम करताना टेबलाच्या एका बाजूला कोण होते? फ्री डेमोक्रॅट. पुढे तीन पंतप्रधानांच्या सरकारांत धाकटे भागीदार होऊन बसले तेच.

धाकटेरावांच्या दोन जाती आहेत, गावाकडची आणि शहरातली.

गावाकडच्यांचा नमुना म्हणजे स्मॉलहोल्डर पक्षाचे योझेफ टोर्द्यान. गृहस्थ वकील, पण सभेत उभे राहिले की नांगरावरून उतरून थेट आल्यासारखे बोलायचे. पक्षाचं म्हणणं एका सालावर उभं होतं: १९४७. त्या साली जी जमीन ज्याची होती ती त्याला परत द्या. मधली चाळीस वर्षं, सामुदायिक शेती, शहरात गेलेली मुलं, बांधावर उभे राहिलेले कारखाने, यांतलं काही त्यांना मान्य नव्हतं. शेवटी सरकारने जमिनीऐवजी भरपाईचे रोखे वाटले. १९९१ मध्ये टोर्द्यान पक्षाध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पक्ष आघाडीतून बाहेर पडत आहे.

आता नाट्य पाहा. अध्यक्ष बाहेर पडले, पक्ष बाहेर पडला, पाटी बाहेर पडली. पण निवडून आलेल्या ४४ पैकी बहुतेक खासदार आपल्या बाकांवर बसून राहिले. मंत्री मंत्रीच राहिले. हंगेरीच्या राजकारणात त्यांना ‘छत्तीसजण’ म्हणतात. आपल्याकडे छत्तीसचा आकडा नुसता म्हणायला असतो, तिथे हजेरीपटावर होता. पुढे दोन वर्षं परिस्थिती अशी की स्मॉलहोल्डर सरकारात आहेत का, या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं बरोबर. मला त्या छत्तीसजणांची दया येते. जन्मभर विरोध, मग एकदाची सत्ता आणि दीड-पावणेदोन वर्षांत अध्यक्ष म्हणतात, उठा! पानावर बसल्या बसल्या कोण उठेल?

टोर्द्यान मात्र खचले नाहीत. १९९८ मध्ये ४८ जागा घेऊन परत आले. पस्तिशीतले व्हिक्टर ओर्बान पंतप्रधान झाले आणि टोर्द्यान शेतीमंत्री. या वेळी त्यांनी करारात एक गोष्ट लिहून घेतली: २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आमचा पक्ष सुचवेल. गावाकडच्या धाकटेरावांना खात्यापेक्षा मान मोठा असतो. ते पद ते कुणासाठी राखून ठेवत आहेत, याबद्दल बुडापेस्टमधल्या ट्रामच्या चालकालाही शंका नसावी. प्रत्यक्षात वेळ आली तेव्हा पक्षाने सुचवलं ते कायद्याचे प्राध्यापक फेरेन्त्स मादल यांचं नाव, आणि तेच निवडून आले. २००१ च्या फेब्रुवारीत टोर्द्याननी मंत्रिपद सोडलं. पक्षाचे तुकडे झाले, प्रत्येक तुकडा स्वतःला मूळ पक्ष म्हणू लागला आणि २००२ च्या निवडणुकीत त्यांना एक टक्कासुद्धा मतं मिळाली नाहीत. थोरल्याने, म्हणजे ओर्बान यांच्या फिडेस पक्षाने, दरम्यान त्यांचे मतदार आपल्याकडे नेले होते, तेही आवाज न करता.

शहरी धाकटेरावांचा थाट वेगळा. फ्री डेमोक्रॅट म्हणजे जुन्या राजवटीत चोरून मासिकं छापणारी, नोकऱ्या गमावलेली, पोलिसांच्या पाळतीवर राहिलेली मंडळी. त्यांचे पहिले अध्यक्ष यानोश किश हे तत्त्वज्ञ. हे लोक रुसतात तेसुद्धा तळटिपा देऊन. गावाकडचा म्हणतो, ‘जातो!’ शहरी म्हणतो, ‘कलम तीन, परिच्छेद दोननुसार आम्ही जाण्याच्या शक्यतेचा विचार करण्यास बांधील आहोत.’

१९९४ मध्ये त्यांनी सगळ्यांना चकित केलं. ज्या पक्षाच्या पूर्वजांनी यांना छळलं तोच समाजवादी पक्ष ३८६ पैकी २०९ जागा घेऊन आला. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधी नेते द्युला होर्न यांच्या मोटारीला अपघात झाला होता, म्हणून विजयी वीर मानेभोवती आणि डोक्याभोवती धातूची चौकट बसवून वावरत होते. मान हलत नव्हती, पण गणित कळत होतं. बहुमत आहे, पण लोकांचा आणि परदेशी सावकारांचा भरवसा नाही. मग त्यांनी ६९ जागांच्या फ्री डेमोक्रॅटांना बोलावलं. गरज नसताना मिळालेलं निमंत्रण! धाकटेरावांना यासारखं दुसरं सुख नाही. त्यांनी भलामोठा करार केला. त्यात समन्वयाची एक परिषद आणि दोघांचं एकमत नसेल तो विषय पुढे सरकणार नाही, अशी तजवीज. मिशीवाले, चतुर बोलणारे गाबोर कुन्त्से गृहमंत्री झाले. पक्षात समजूत अशी की आपण राखणदार म्हणून आत चाललो आहोत.

राखणदाराने काय राखलं? दोन गोष्टी सांगतो. मार्च १९९५ मध्ये तिजोरी आटली आणि अर्थमंत्री लायोश बोक्रोश यांनी काटकसरीचा वरवंटा फिरवला: चलनाचं नऊ टक्के अवमूल्यन, आयातीवर जादा कर, विद्यापीठात फी. त्या दिवशी रागावून बाहेर पडले ते समाजवाद्यांचेच दोन मंत्री. धाकटेराव जागेवर, खुशीत, कारण हे असंच व्हायला हवं हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. दुसरी गोष्ट मात्र मी त्यांच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत लिहीन. या आघाडीकडे संसदेच्या ७२ टक्के जागा होत्या. मनात आणलं असतं तर राज्यघटना एका बैठकीत नवी लिहिता आली असती. त्याऐवजी त्यांनी १९९५ मध्ये नियम केला की घटना कशी लिहायची, हे ठरवायलाच चार पंचमांश मतं लागतील. म्हणजे विरोधकांना विचारल्याशिवाय पान हलणार नाही. सत्ता हातात असताना स्वतःच्या हाताला गाठ मारून घेणारी माणसं राजकारणात फार दिसत नाहीत. घटना काही लिहून झाली नाही, पण गाठ राहिली.

मतदारांनी याचं बक्षीस दिलं: १९९८ मध्ये ६९ जागांच्या २४ झाल्या. राखणदाराला वाडा राखल्याबद्दल कुणी हार घालत नाही. चोरी झाली की मात्र पहिलं नाव त्याचंच.

२००२ मध्ये मेळ पुन्हा जमला, समाजवादी १७८ आणि फ्री डेमोक्रॅट २०. आता धाकटेरावांशिवाय चालणारच नव्हतं आणि हे त्यांना ठाऊक होतं. आठवड्यांतच बातमी फुटली की पंतप्रधान पेतेर मेदयेशी जुन्या राजवटीत डी-२०९ या सांकेतिक नावाने गुप्तचर खात्यात होते. पाळतीखाली जगलेल्यांच्या पक्षाने आघाडी करावी आणि नेमका असा पंतप्रधान वाट्याला यावा! धाकटेराव लाल झाले, बैठक झाली, आठ्या पडल्या, पाठिंबा राहिला. दोन वर्षांनी मात्र मेदयेशींनी धाकटेरावांच्या कोट्यातल्या अर्थव्यवहार मंत्र्याला काढायचं ठरवलं आणि म्हणाले, विश्वास दाखवा नाहीतर मी जातो. हा संवाद वास्तविक धाकटेरावांचा. थोरल्याने तो चोरलेला पाहून त्यांनी विश्वास दाखवला नाही आणि पंतप्रधानालाच घरी जावं लागलं. वीस वर्षांत धाकटेरावांच्या हातून कुणी खरोखर पडलं असेल तर हे एक.

नवे पंतप्रधान फेरेन्त्स द्युर्चान्य. २००६ मध्ये दोन्ही पक्ष पुन्हा जिंकले आणि सप्टेंबरात ध्वनिफीत फुटली. बालाटोन सरोवराकाठी बंद दाराआड आपल्याच खासदारांपुढे द्युर्चान्यनी कबूल केलं होतं की आपण लोकांशी खोटं बोललो. टीव्हीच्या इमारतीवर जमाव चालून गेला. आता तरी धाकटेराव जातील, असं सगळ्यांना वाटलं. ६ ऑक्टोबरला विश्वासाचं मतदान झालं: २०७ विरुद्ध १६५. धाकटेराव जागेवर.

मग ते गेले कशावरून? तीनशे फोरिंटवरून. डॉक्टरकडे गेलं की ३०० फोरिंट, इस्पितळात राहिलं की दिवसाला ३००. आरोग्य खातं धाकटेरावांकडे आणि ही फी म्हणजे त्यांच्या सुधारणांचा पहिला पाढा. रक्कम साध्या कॉफीएवढी, पण आजाऱ्याने दारात पैसे मोजायचे, ही कल्पना तिथल्या आजीआजोबांना सहन झाली नाही. ओर्बान यांनी सार्वमत मागितलं आणि ९ मार्च २००८ ला मत दिलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी फी उडवून लावली. मार्चअखेर द्युर्चान्यनी आरोग्यमंत्री आग्नेश होर्वात यांना काढायचं ठरवलं. पक्षाध्यक्ष यानोश कोका यांनी सांगितलं: बस्स, आता आघाडी नाही.

आणि ती वेळ आली तेव्हा धाकटेरावांनी काय करावं? महिन्याची नोटीस दिली. घोषणा मार्चअखेर, मंत्री कचेऱ्या सोडणार ते एप्रिलअखेर. पक्षाच्या प्रतिनिधींची सभा घ्यायची, ठराव रीतसर मंजूर करायचा, किल्ल्या द्यायच्या. इतकी वर्षं ‘जातो’ म्हणणारा माणूस खरंच जाताना आवराआवर करतो, याने मला गलबलून येतं. त्यांनी आशेने मागे पाहिलं असणार. पण द्युर्चान्यनी सुमारे १९० खासदारांवर, बहुमत नसताना, सरकार चालवायला घेतलं. का चाललं? १९९० च्या त्या नियमाने चाललं. पंतप्रधान हलवायचा तर दुसरं नाव हवं, आणि दुसरं नाव म्हणजे ओर्बान, ते धाकटेरावांना त्याहून नको होतं. वर्षभर ते दारात उभे. मार्च २००९ मध्ये मंदीच्या तडाख्यात द्युर्चान्य आपणहून बाजूला झाले. एप्रिलमध्ये महिना एक फोरिंट पगारावर गोर्डोन बायनाई आले, त्याच अविश्वास ठरावाच्या वाटेने, आणि त्यांना मतं देणाऱ्यांत धाकटेरावही होते. मंत्रिपद नाही, गाडी नाही, जबाबदारी मात्र आहे.

धाकटेरावांच्या या संशयी स्वभावावर हसताना थोडं मागेही पाहायला हवं. १९४५ च्या नोव्हेंबरात स्मॉलहोल्डर पक्षाला ५७ टक्के मतं मिळाली होती. धाकटे नव्हते ते तेव्हा, थोरले होते. पण देशात सोव्हिएत फौज होती आणि तिच्या आग्रहाने कम्युनिस्टांना आघाडीत घ्यावं लागलं, गृहखातं द्यावं लागलं. मग कम्युनिस्ट नेते राकोशी यांनी विरोधकांचे सलामी सॉसेजसारखे पातळ काप काढायला सुरुवात केली. स्मॉलहोल्डरांचे सरचिटणीस बेला कोवाच यांना सोव्हिएतांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये पकडून नेलं. पंतप्रधान फेरेन्त्स नॉद्य स्वित्झर्लंडला सुट्टीवर असताना त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला, लहान मुलाला देशाबाहेर सोडण्याच्या बदल्यात. आजोबांच्या बाबतीत असं झालेल्या नातवाने कराराचं प्रत्येक पान बोटाने वाचलं तर त्याला चिकट म्हणू नये. आणि ‘१९४७’ म्हणताना टोर्द्यान यांच्या सभेत म्हाताऱ्यांचे डोळे का भरायचे, तेही लक्षात येतं.

२०१० च्या निवडणुकीत फ्री डेमोक्रॅट आणि १९९० चे विजेते डेमोक्रॅटिक फोरम, दोघेही संसदेबाहेर फेकले गेले. फ्री डेमोक्रॅट पक्ष २०१३ मध्ये रीतसर विसर्जित झाला, म्हणजे शेवटही ठरावाने. ओर्बान यांना ख्रिश्चन डेमोक्रॅटांसह ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या. हे ख्रिश्चन डेमोक्रॅट कागदोपत्री धाकटे भागीदारच, पण २००६ पासून त्यांची यादी थोरल्याच्या यादीतच असते आणि ते रुसत नाहीत. चार पंचमांशाची ती गाठ नव्या संसदेने पहिल्या काही महिन्यांतच सोडली. १८ एप्रिल २०११ ला नवी राज्यघटना २६२ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झाली.